परिचारिका दिन विशेष : नाइटिंगेल बाईंनी बाळंतिणींचा वॉर्ड का बंद केला?

आज १२ मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच तारखेला झाला, म्हणून आज जगभर परिचारिका दिन पाळतात. हातात दिवा घेतलेल्या बाईंचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण दिव्याइतकाच त्यांचा भरवसा हिशोबावर होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

घर श्रीमंत इंग्रजाचं. नर्सचं काम तेव्हा हलकं समजायचे, घरच्यांचा कडक विरोध. तरी १८५४ मध्ये ३८ नर्सना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचल्या. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथं शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते, तेही जखमांपेक्षा हगवण, टायफस अशा रोगांनी. मार्चमध्ये सरकारी पथकानं गटारं साफ केली. जूनपर्यंत आकडा दोनावर आला. या घाणीनं किती जीव घेतले, हे बाईंना मायदेशी परतून आकडे मांडल्यावरच पुरतं उमगलं.

पुढं त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड निघाला. गावोगावी काम करतील अशा सुईणी तिथं शिकायच्या. पण बाळंतिणी तापानं फणफणू लागल्या, दगावू लागल्या. आपण ज्याला सेप्टिक झालं म्हणतो आणि डॉक्टर सेप्सिस म्हणतात, तेच हे दुखणं. १८६७ मध्ये वॉर्ड बंद करावा लागला.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ठिकठिकाणचे बाळंतपणाचे आणि मृत्यूचे आकडे त्यांनी गोळा केले. नोंदी कुठं अर्धवट, कुठं भलत्याच पद्धतीच्या. तरी १८७१ च्या पुस्तकात त्यांनी दाखवून दिलं, की घरी बाळंत होणाऱ्यांपेक्षा दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायका जास्त मरतात! दवाखाने चालवणाऱ्यांना हे ऐकून काय वाटलं असेल, विचार करा. एका खोलीत गर्दी नको, बाळंतिणी इतर रुग्णांपासून वेगळ्या ठेवा, मृतदेह चिरून आलेले विद्यार्थी त्यांच्याजवळ नकोत, प्रत्येक मृत्यूची नोंद एकाच पद्धतीनं ठेवा, असं त्यांचं सांगणं होतं.

जंतूंचं शास्त्र तेव्हा रुजलं नव्हतं. बाई दूषित हवेला दोष द्यायच्या. कारण चुकलं, पण मोजणीनं बोट बरोबर जागी ठेवलं.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्या गेल्या. बाळंतिणींच्या या तापावर चालणारी सल्फाची औषधं त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आली.