ऑयलरच्या मनातली पाटी

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीची आई परवा विचारायला आली. स्मरणशक्ती वाढवायच्या क्लासला घातलं तर हिचं गणित सुधारेल का? फी ऐकून मीच दचकले. आणि मला आठवले ते ऑयलर.

लिओनार्ड ऑयलर मूळचे स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे, जन्म १७०७ चा. विसाव्या वर्षी रशियात सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेले. तिशीतच उजव्या डोळ्याची नजर गेली. मधली पंचवीस वर्षं बर्लिनमध्ये काढून १७६६ साली ते रशियात परतले, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू! १७७१ साली शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसलंही, पण डोळा चिघळला आणि पुरता अंधार झाला. त्याच वर्षी घराला आग लागली. बाझलच्याच एका माणसाने त्यांना उचलून बाहेर काढलं म्हणून वाचले. दोन वर्षांनी पत्नी काथरिना गेली. तिला तेरा मुलं झाली होती, त्यातली पाचच जगली. त्या माउलीने काय सोसलं असेल, ते गणिताच्या पुस्तकात कुठे येतं?

पण ऑयलर थांबले नाहीत. त्यांच्या एकूण लिखाणाचा फार मोठा भाग या अंधाराच्या काळातला आहे. आकडेमोड मनात करायची, आणि मुलाने, शिष्यांनी ती कागदावर उतरवायची. बीजगणिताचं पुस्तक तर त्यांनी शिंपीकाम शिकलेल्या एका पोराला सांगून लिहवून घेतलं. लिहिता लिहिता तोही बीजगणित शिकला म्हणे! एकदा दोन शिष्यांची उत्तरं पन्नासाव्या आकड्यावर जुळेनात, तेव्हा ऑयलरनी सगळं गणित मनात करून चूक कुणाची ते सांगितलं, असं सांगतात.

हे आलं कुठून? जन्मभर संख्यांशीच खेळत राहिल्यामुळे, असं मला वाटतं. एकदा रात्री झोप येईना, तेव्हा त्यांनी संख्यांचे घात मनात काढले, असं सांगतात. आपल्या आजीची पावकी-निमकी अशीच नव्हती का? डोक्यात आकडा धरून पुढची पायरी करायची. अलीकडच्या संशोधनातही दिसलंय, की स्मरणाचे खेळ खेळून मुलं त्या खेळात तरबेज होतात, पण गणितात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मी त्या आईला म्हटलं, फी राहू दे, हिला किराणा आणायला पाठव आणि हिशेब तोंडी करू दे. काल पोरगी सात रुपयांनी चुकली. दुकानदाराच्या आधी तिलाच कळलं, आणि तिथेच उभी राहून तिने पुन्हा बेरीज केली.