ईल मासा जन्मतो कुठं? हे शोधायला एका डॅनिश शास्त्रज्ञानं १८ वर्षं अटलांटिक चाळला

गोष्ट सुरू होते १९०४ मध्ये. आइसलंड आणि स्कॉटलंडच्या मध्ये फेरो नावाची बेटं आहेत. त्यांच्या पश्चिमेला ‘थोर’ नावाचं डॅनिश जहाज जाळं ओढत होतं. जाळ्यात साडेसात सेंटीमीटरच्या आसपासचा एक विचित्र जीव आला. काचेसारखा पारदर्शक, झाडाच्या पानासारखा चपटा. जहाजावरच्या २७ वर्षांच्या योहानेस श्मिट यांनी तो ओळखला. ती ईल माशाची अळी होती.

ईल म्हणजे सापासारखा लांबलचक मासा. आपल्या नद्यांत मिळणारा अहीर याच कुळातला. युरोपात तो नदी, तळी, अगदी गटारातही सापडायचा आणि लोक आवडीनं खायचे. पण त्याची अंडी किंवा अंड्यावर आलेली मादी कुणी बघितलीच नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलला वाटायचं, ईल चिखलातून आपोआप तयार होतो. सिग्मंड फ्रॉईड मानसशास्त्राकडे वळण्याआधी ट्रिएस्टला जाऊन सुमारे ४०० ईल कापत बसला होता. शोधत होता नराची जननग्रंथी, आणि तीही धड मिळाली नाही.

१८९० च्या दशकात इटलीच्या ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी दाखवून दिलं की ही पानासारखी अळीच मोठी होऊन ईल बनते. ग्रासींचं म्हणणं पडलं की ईल भूमध्य समुद्रातच जन्मतो. तसं असेल, तर मग ही अळी थेट फेरो बेटांजवळ काय करत होती?

१८७७ मध्ये जन्मलेले श्मिट मुळात वनस्पतिशास्त्राचे माणूस. सयाममधल्या झाडाझुडपांवर त्यांनी काम केलं होतं. लग्न झालं ते जुन्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या संचालकांच्या मुलीशी, आणि १९१० पासून कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतला एक विभागही त्यांच्याकडे आला. (पीएच मोजायची पद्धत निघाली ती हीच प्रयोगशाळा.)

त्यांची युक्ती ऐकायला अगदी साधी. अळी जितकी लहान, तितकी तिची जन्मजागा जवळ. म्हणून जाळं टाकायचं, अळी मोजायची, नकाशावर टिंब द्यायचं आणि पुढं जायचं. भूमध्य समुद्रात पूर्वेकडे जावं तशी अळी मोठी होत गेली, सगळ्यात लहान अळ्या जिब्राल्टरकडे मिळाल्या. म्हणजे त्या अटलांटिकमधून आत येत होत्या. ग्रासींचा अंदाज तिथंच कोसळला.

अटलांटिकमध्ये अडचण वेगळी. तिथं अमेरिकन ईलच्याही अळ्या असतात आणि दिसायला दोन्ही सारख्याच. मग मणके मोजायचे. युरोपियन ईलला सरासरी ११५, अमेरिकनला १०७. अळीच्या अंगावर तेवढेच स्नायूंचे पट्टे असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजावे लागायचे. असल्या हजारो अळ्या.

एक जहाज पुरेना म्हणून त्यांनी व्यापारी जहाजांच्या कप्तानांना जाळी देऊन वाटेत नमुने घ्यायला लावलं. १९१३ मध्ये ‘मार्ग्रेथ’ हे शिडाचं जहाज मिळालं, तर तेही वेस्ट इंडीजजवळ आदळून फुटलं. अळ्यांचे नमुने तेवढे वाचले. पाठोपाठ पहिलं महायुद्ध आलं आणि काम थांबलं.

१९२० मध्ये ‘दाना’ जहाज घेऊन ते पुन्हा निघाले. बर्म्युडाच्या दक्षिणेला सरगॅसो समुद्र आहे. त्याला किनारा नाही, चारी बाजूंनी फक्त सागरी प्रवाह. तिथं अळ्या १० मिलिमीटरपेक्षाही लहान निघाल्या. १९२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. युरोपातला ईल सरगॅसोत जन्मतो, प्रवाहाबरोबर वाहत युरोपच्या किनाऱ्याला लागतो, नदीत कित्येक वर्षं काढतो आणि एका शरद ऋतूत खाणं बंद करून पाच-सहा हजार किलोमीटरच्या परतीच्या वाटेला लागतो. अंडी घालायला.

पुढं अभ्यासकांनी श्मिट यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांनी चित्र होतं त्यापेक्षा जरा जास्तच सुबक मांडलं होतं, असं त्यात दिसलं. पण जागेबद्दलचा मूळ अंदाज काही हलला नाही.

१९२८ ते १९३० मध्ये ‘दाना’वरून त्यांनी जगप्रदक्षिणाही केली. १९३३ मध्ये इन्फ्लुएंझानं त्यांचा मृत्यू झाला. वय ५६.

त्यांच्या काळात ईल मुबलक होता. आज युरोपियन ईल अतिसंकटग्रस्त यादीत आहे. किनाऱ्याला लागणारी पिल्लं १९८० च्या आधीच्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त घटली. धरणं, मासेमारी, प्रदूषण, परजीवी अशी कारणांची यादी लांब आहे. २००७ मध्ये युरोपियन युनियननं नियम केला. माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे प्रौढ ईल समुद्राकडे गेले असते, त्याच्या किमान ४० टक्के वजनाचे तरी निसटू द्यायचे. कुणाला वाट मोकळी करून द्यायची आणि कुठल्या दिशेला, हे माहीत नसतं तर असा नियम करताच आला नसता.

अळ्या येतात कुठून हे श्मिट यांनी दाखवलं, पण मोठे ईल तिथं परत जातात याचा थेट पुरावा त्यांच्याकडे नव्हता. तो यायला २०२२ उजाडलं. अझोर्स बेटांजवळ ईलच्या पाठीला उपग्रहाशी बोलणारे टॅग लावले, आणि त्यातले काही खरंच सरगॅसोपर्यंत पोहोचले.

अंडी घालणारा ईल मात्र तिथं अजून कुणाच्याही दृष्टीस पडलेला नाही.