विश्लेषण : स्पोर्ट्स कारची मागची चाके मोठी का असतात? ब्रूस मॅक्लारेन यांच्या कारकिर्दीतून समजून घेऊ...

२०२२ पासून मुंबईत शोरूम असलेल्या मॅक्लारेन कंपनीची ‘७२० एस’ बाजूने नीट पाहा. पुढचे चाक १९ इंची, मागचे २० इंची. टायरच्या रुंदीत तर आणखी फरक : पुढे २४५ मिलिमीटर, मागे ३०५. ही निव्वळ स्टाइल नाही. ज्यांचे नाव या गाडीवर आहे ते ब्रूस मॅक्लारेन १९७० मध्येच गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी. मागच्या टायरची पकड हा विषय मात्र त्यांच्या कारकिर्दीत शेवटपर्यंत होता.

डिग्री सोडली, इंजिनीअरिंग नाही

जन्म ३० ऑगस्ट १९३७, न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. वडिलांचे गॅरेज होते. नवव्या वर्षी ब्रूसना पर्थेस हा खुब्याच्या हाडाचा आजार झाला आणि सुमारे दोन वर्षे उपचारगृहात गेली. डावा पाय कायमचा आखूड राहिला. पुढे जुन्या ऑस्टिन सेव्हनवर हात बसला, इंजिनीअरिंगला प्रवेशही घेतला. पण १९५८ मध्ये युरोपात शर्यती खेळण्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेज सुटले. आपल्याकडे अनेक जण डिग्री घेऊन इंजिनीअरिंग सोडतात, यांनी नेमके उलटे केले.

युरोपात ते कूपर संघात दाखल झाले. कूपरच्या गाडीत इंजिन चालकाच्या मागे होते, तेव्हा ही मोठी क्रांती होती. १९५९ मध्ये सेब्रिंगला २२ व्या वर्षी त्यांनी फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली. सर्वांत तरुण विजेत्याचा हा विक्रम २००३ पर्यंत टिकला.

मागे रुंद टायर कशासाठी?

इंजिन मागे गेले की वजन मागच्या चाकांवर येते. वेग घेताना भार आणखी मागे सरकतो आणि इंजिनची ताकदही तीच चाके रस्त्यावर उतरवतात. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते, पण त्या प्रमाणात नाही. ही तूट भरून काढायला रुंद टायर लागतो. नाहीतर वळणावर गाडीची शेपूट आधी सुटते आणि गाडी गरकन फिरते. (इंजिन, वजन आणि ताकद तिन्ही पुढे असलेल्या आपल्या हॅचबॅकला फक्त मागे रुंद टायर लावण्यात म्हणूनच अर्थ नाही.)

१९६३ मध्ये ब्रूसनी स्वतःचा संघ काढला. १९६६ मध्ये फोर्डमधून ल मान्स जिंकली. त्यांचे खरे राज्य होते ते अमेरिका-कॅनडातील कॅन-ॲम मालिकेत. तिथे इंजिनच्या आकाराला कमाल मर्यादाच नव्हती. सात लिटरचे शेव्हरोले व्ही-८ इंजिन, सहाशेहून अधिक अश्वशक्ती आणि मागे अक्षरशः रोलरसारखे टायर! १९६९ मध्ये ११ पैकी ११ शर्यती मॅक्लारेन संघाने जिंकल्या.

गुडवूडला काय झाले?

एवढ्या वेगात टायरची रुंदी पुरत नाही. गाडीला खाली दाबणारा हवेचा जोरही लागतो, आणि तो मागच्या बॉडीवर व पंखावर अवलंबून असतो. २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवूड ट्रॅकवर ब्रूस नव्या ‘एम८डी’ची चाचणी घेत होते. भरवेगात मागची बॉडी निसटली. दाब क्षणात गेला, रुंद टायर असूनही पकड सुटली आणि गाडी मार्शलच्या चौकीवर आदळली. ब्रूस जागीच गेले.

बाराच दिवसांनी मोसपोर्टला कॅन-ॲमचा नवा हंगाम सुरू झाला. संघ उतरला. पहिली शर्यत डॅन गर्नी यांनी ‘एम८डी’मधूनच जिंकली.