सोनेरी मातीचा माणूस

मुरमांसाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देतात ना? त्या घराण्याचं पहिलं औषध ज्यांच्या टीमला सापडलं, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातले. जन्म १८९५, भीमावरमचा. मद्रासला मेडिकलला असताना खादी घातली, इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी दुय्यम पदवी पदरात पडली. आजाराने दोन भाऊ गेले, तेव्हा औषधं शोधायची हे पक्कं झालं.

मग अमेरिका गाठली. हार्वर्डमध्ये शिकताना पोटासाठी हॉस्पिटलात पडेल ते काम केलं. पुढे संशोधनात नाव झालं, तरी तिथे कायमची नोकरी मिळाली नाही. मग १९४० मध्ये लेडर्ले कंपनी.

मातीतले काही जिवाणू इतर जंतूंना मारणारी रसायनं बनवतात. ते शोधायला त्यांच्या टीमने ठिकठिकाणची माती तपासली. सत्तरी ओलांडलेले निवृत्त प्राध्यापक बेंजामिन डग्गरही टीममध्ये होते. १९४५ मध्ये मिसुरीतल्या एका शेताच्या मातीत त्यांना सोनेरी जिवाणू सापडला. त्यातून आलं ऑरिओमायसिन. पेनिसिलिनला न जुमानणारे टायफससारखे आजारही त्याने बरे होऊ लागले.

१९४८ मध्ये औषध जगासमोर आलं. त्याच ऑगस्टमध्ये, अवघ्या ५३व्या वर्षी सुब्बाराव गेले. नोबेल नाहीच मिळालं. त्या घराण्यातल्या गोळ्या मात्र आजही मिळतात, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये.