मणिभाई देसाई : संकरासाठी जात निवडताना आठवावा असा माणूस



गाय माजावर आली की आपण फोन करतो आणि कृत्रिम रेतन करणारा कर्मचारी नत्राची टाकी घेऊन गोठ्यात येतो. एचएफ भरायचे की जर्सी, एवढेच तो विचारतो आणि आपण दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकतो. त्या उत्तराचा परिणाम मात्र गोठ्यात पुढची दहा वर्षे राहतो. दारात येणारी ही सेवा महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत उरुळीकांचनचे मणिभाई देसाई यांचे नाव अग्रभागी आहे. रेतमात्रा निवडण्यापूर्वी त्यांनी हे काम कोणत्या क्रमाने उभे केले, ते समजून घेतले तर आपला निर्णय सोपा होईल.

सुरतचा तरुण उरुळीत

मणिभाईंचा जन्म १९२० साली सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावी शेतकरी कुटुंबात झाला. विज्ञानाची पदवी घेतलेला हा तरुण १९४२ च्या चळवळीत उतरला आणि पुढे गांधीजींच्या सहवासात आला. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन येथे गरिबांसाठी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. ते काम सांभाळण्यासाठी मणिभाई तिथेच थांबले आणि १९९३ मध्ये निधन होईपर्यंत उरुळी हेच त्यांचे गाव राहिले.

त्यांच्याकडे पशुवैद्यकाची पदवी नव्हती. आश्रमात गीर गाई होत्या. त्यांची निवड, खाद्य आणि दुधाच्या नोंदी यांकडे लक्ष देत त्यांनी कळप सुधारला. चांगली देशी गाय चांगल्या व्यवस्थापनात किती दूध देऊ शकते, हे त्यांनी आधी स्वतःच्या गोठ्यात पाहिले. परदेशी रक्ताचा विचार त्यानंतरचा आहे, हा क्रम ध्यानात ठेवा.

संकराकडे का वळले?

आश्रमाबाहेरच्या शेतकऱ्याकडे निवडक गीर नव्हती. त्याच्या दावणीला होती गावठी गाय, म्हणजे कोणत्याच शुद्ध जातीत न बसणारी. ती साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विणार आणि दूध देणार घरापुरते. निवडीने अशा गाईत सुधारणा व्हायला कित्येक पिढ्या लागतात आणि अल्पभूधारकाला तितका वेळ नसतो. संकरित कालवड मात्र नीट वाढवली तर अडीच वर्षांच्या आसपास विते आणि दूधही कित्येक पटींनी वाढते. गांधीविचारांच्या माणसाने परदेशी वळूचे रक्त आणावे, हे देशी गाईचा अभिमान असणाऱ्यांना रुचण्यासारखे नव्हते. तरीही मणिभाईंनी गरिबाच्या घरात येणारा पैसा हाच निकष मानला.

१९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीची 'बाएफ', स्थापन केली. वळू संस्थेत राहील आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नत्रात गोठवलेले त्याचे वीर्य शेतकऱ्याच्या दारात जाईल, अशी ही पद्धत. गाय चालवत दवाखान्यात नेण्याची गरज उरली नाही. कर्मचाऱ्याने रेतन करून मोकळे व्हायचे नाही, तर गाय गाभण आहे का ते तपासायचे, वासराची नोंद ठेवायची आणि चाऱ्याबद्दल सल्लाही द्यायचा. चाऱ्यासाठी मणिभाईंनी सुबाभळीचा मोठा प्रसार केला. (सुबाभळीत मायमोसिन हा अपायकारक घटक असतो, म्हणून हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नका.)

जातींची तुलना

*होल्स्टिन फ्रिजियन (एचएफ) :* मोठा बांधा, सर्वाधिक दूध, फॅट साधारण ३.५ टक्के. उष्णता सोसत नाही. ५०० किलोच्या संकरित गाईला रोज १२ ते १५ किलो शुष्क पदार्थ लागतो. पाणी आणि चारा बारमाही असेल तरच ही जात परवडते.

*जर्सी :* लहान बांधा, खाणे कमी, फॅट ४.५ ते ५ टक्के. एचएफपेक्षा उष्णता बरी सोसते. मर्यादित चाऱ्यात सोयीची.

*गीर :* दूध मध्यम, फॅट चांगली, उष्णता व गोचिडांना तोंड देण्याची ताकद. संकरासाठी उत्तम मादी.

*डांगी :* इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या आपल्या पावसाळी पट्ट्याची जात. तेलकट कातडीवरून पाणी निथळते, काळे खूर टणक असतात आणि भाताच्या चिखलात बैल थकत नाही. दूध कमी, पण त्या हवामानात तिच्या तोडीची दुसरी जात नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या 'फुले त्रिवेणी' गाईत ५० टक्के एचएफ, २५ टक्के जर्सी आणि २५ टक्के गीर रक्त आहे. दूध, फॅट आणि काटकपणा यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

परदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. गावठी गाईला एचएफ भरली की कालवडीत ५० टक्के, तिला पुन्हा एचएफ भरली की ७५ आणि पुढच्या पिढीत ८७.५ टक्के रक्त येते. प्रत्येक पायरीला दुधाची क्षमता वाढते, पण उन्हाचा त्रास, गोचीड-ताप आणि उलटण्याचे प्रमाणही वाढते.

गोऱ्ह्याचा प्रश्न

जगात अनेक ठिकाणी गाईंचा संकर मांसासाठी होतो. त्यातही आपल्या गाईंचे रक्त आहे. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या जनावरांपासून अमेरिकेत ब्राह्मण जात तयार झाली. टेक्सासमध्ये ब्राह्मण आणि शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून सांता गर्ट्रुडिस ही मांसासाठीची जात तयार झाली. तिथे उष्णता सोसणारी देशी आणि वेगाने वजन धरणारी युरोपी अशी जोडी लावतात. नर वासरू हे तिथे उत्पन्न असते.

आपल्याकडे तसे नाही. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती आणि २०१५ पासून ती वळू-बैलांनाही लागू झाली. दुसरीकडे, संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसल्याने जू बसत नाही आणि उन्हात तो लवकर दमतो. म्हणजे तो ना औताला, ना बाजाराला. मणिभाईंनी काम सुरू केले तेव्हा बैलाला शेतात काम होते. ट्रॅक्टर आल्यावर हा खर्च उघडा पडला. आज त्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे लिंग-वर्गीकृत रेतमात्रा. तिच्यातून सुमारे ९० टक्के कालवडी होतात. मात्र गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी असते, म्हणून ती निरोगी कालवडीत किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईत आणि माज स्पष्ट असतानाच वापरा.

आपल्या गोठ्यासाठी निर्णय

- निफाडसारख्या बागायती भागात मका, मेथीघास, मुरघास आणि सावलीचा गोठा असेल तर गावठी किंवा जर्सी संकरित गाईला एचएफ.
- सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडच्या कोरडवाहू भागात चारा विकत घ्यावा लागत असेल तर जर्सी. गाईत आधीच ७५ टक्के परदेशी रक्त असेल तर पुढची रेतमात्रा संकरित किंवा गीर वळूची.
- इगतपुरी-पेठ-सुरगाण्यात शुद्ध डांगीला परदेशी रेतमात्रा भरू नका. निवडलेला डांगी वळूच वापरा. शुद्ध गीरलाही हाच नियम.
- सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करा.
- रेतकांडीवरचा वळू क्रमांक वहीत लिहा. तोच वळू त्याच्या लेकीला पुन्हा भरला जाऊ नये.

मणिभाईंना १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विस्तार कार्यकर्त्यांनी मात्र त्यांच्याकडून कामाचा क्रम घ्यावा : आधी गाय आणि नोंद, मग चारा, मग रेतमात्रा. चाऱ्याची सोय नसलेल्या गोठ्यात एचएफची कालवड जन्माला घालून दिली, तर आपण त्या शेतकऱ्याला कर्ज देऊन आलो असे समजावे. पुढच्या भेटीत रेतनाची टाकी उघडण्यापूर्वी त्याला उन्हाळ्यातल्या चाऱ्याबद्दल विचारा.