चाव्याचा जोर मोजणारा दंतवैद्य

दाढेवर तात्पुरती कॅप बसवून आठ दिवस होत नाहीत तोच ती चिवड्यातल्या दाण्यावर तडकते, असा अनुभव अनेकांना येतो. कॅपने नेमका किती भार सोसायला हवा? हा प्रश्न अंदाजावर न सोडता मोजमापाने सोडवण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांना जाते.

ब्लॅक यांचा जन्म 3 ऑगस्ट 1836 रोजी इलिनॉय राज्यातील शेतकरी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेम झाले. सतराव्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे वैद्यक शिकू लागले. पुढे काही महिने त्यांनी एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी केली. त्या काळी एवढ्या शिदोरीवर दवाखाना काढता येत असे. अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्यात असताना त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली. त्यानंतर जॅक्सनविल या गावी त्यांनी व्यवसायात जम बसवला आणि रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शकाचा वापर हे सारे स्वतःच अभ्यासून घेतले.

तेव्हा किडलेल्या दातांत चांदी व पाऱ्याचे मिश्रण भरत. काहींचे मिश्रण आकसून कडेला फट पडे, काहींचे फुगे, तर काहींचे चावून चावून चपटे होई. दोष कोणाचा, यावर दंतवैद्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालले. ब्लॅक यांनी वाद बाजूला ठेवून मोजमापाची उपकरणे तयार केली. वरच्या व खालच्या दातांमध्ये धरायच्या उपकरणाने त्यांनी चाव्याचा जोर मोजला. दाढांवर तो सरासरी सुमारे 171 पौंड, म्हणजे 77 किलोंहून अधिक भरला. दात आणि भरण्याचे मिश्रण किती दाबाखाली चिरडते, हेही त्यांनी तपासले.

1895 च्या सुमारास त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दात मऊ असल्यामुळे किडतात, ही समजूत त्यांच्या मोजमापांपुढे टिकली नाही. मिश्रणाचे वागणे धातूंच्या प्रमाणावर आणि ते तयार करण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, हेही त्यांनी दाखवले. सुमारे दोन तृतीयांश चांदी आणि पाव हिस्सा कथील हे त्यांचे प्रमाण पुढे अनेक दशके आधारभूत राहिले.

1897 मध्ये ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. 1908 मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. किडीच्या खड्ड्यांचे त्यांनी केलेले वर्गीकरण दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही शिकतात. उतारवयात ते कोलोरॅडोतील डागाळलेल्या दातांचा अभ्यास करत होते. 31 ऑगस्ट 1915 रोजी त्यांचे निधन झाले. त्या डागांचे कारण पाण्यातील फ्लोराइड असल्याचे 1931 मध्ये उघड झाले.

तात्पुरत्या कॅपसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक ब्लॅक यांच्यानंतर आले. तरी ते निवडताना प्रश्न त्यांचाच असतो: भार किती आणि सोसण्याची ताकद किती? एका दाताच्या कॅपखाली दाताचा आधार असतो. ब्रिजचा मधला दात मात्र अधांतरी असतो. तुळईचा नियम इथेही लागू पडतो. अंतर दुप्पट झाले तर वाक आठपट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून लांब ब्रिजला दातांमधले जोड जाड ठेवतात, प्रसंगी आत तंतूंचा किंवा तारेचा आधार देतात. बारीक कणांची भर घातलेले नवे कंपोझिट साध्या ॲक्रिलिकपेक्षा सहसा वाकण्याला अधिक तोंड देते. मात्र तेही बसवल्याबरोबर पूर्ण ताकदीचे नसते.

म्हणून पहिला दिवस मऊ खावे, कडक व चिकट पदार्थ टाळावेत आणि दुसऱ्या बाजूने चावावे. कॅप तडकली किंवा निघाली तर दुखत नाही म्हणून थांबू नये. उघडा दात किंवा शेजारचे दात थोडेसे जरी सरकले, तरी मापाने केलेली कायमची कॅप नीट बसत नाही. निघालेली कॅप घरच्या गोंदाने चिकटवू नये. ती सोबत घेऊन लगेच दंतवैद्याकडे जावे.