डॉक्टर रखमाबाई आणि सुरतेच्या रिकाम्या खाटा

वसई-विरारवरून सुरतेस जाणारा लोहमार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत येऊन पोहोचला. त्याच साली, २२ नोव्हेंबर रोजी, मुंबईत रखमाबाईंचा जन्म झाला. पुढे याच मार्गाने ही बाई सुरतेस गेली आणि तिने तेथे दोन तपांच्या जवळपास काळ बायकांची बाळंतपणे केली. तिचा न्यायालयातील खटला सर्वांस ठाऊक आहे. बाळंतपणाच्या कामाची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. आमच्या मते तिची खरी थोरवी या दुसऱ्या कामातच आहे.

रखमाबाईंच्या मातोश्री जयंतीबाई यांचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या प्रसूत झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. सुतार जातीत पुनर्विवाहास आडकाठी नसल्याने त्यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. रखमाबाईंचेही लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. परंतु कोवळ्या वयातील संसार मुलीच्या प्रकृतीस घातक होय हे वैद्यक जाणणाऱ्या सावत्र पित्याने ओळखून तिला घरीच ठेवले. १८८४ साली दादाजींनी दावा लाविला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने तिला नवऱ्याच्या घरी जा अथवा सहा महिने कैद भोग असे फर्माविले, तेव्हा तिने कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले.

याच सुमारास मुंबईच्या धनिकांनी एक शहाणपणाचे काम आरंभिले होते. किट्रेज नामक अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८८३ साली स्त्री-डॉक्टर आणविण्यासाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे रुग्णालय बांधले गेले. विलायतेहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंस वैद्यकाकडे वळविले व त्यांच्या शिक्षणासाठी द्रव्य जमविण्यास साह्य केले. इमारतीस पैसा देणारे पुष्कळ असतात. एका परित्यक्तेप्रमाणे बदनाम झालेल्या बाईच्या शिक्षणास देणारे थोडे. त्या थोड्यांमुळेच रखमाबाई १८८९ मध्ये लंडनास जाऊ शकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

१८९५ मध्ये त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. इमारत होती, खाटा होत्या, औषधे होती. बाळंतिणी मात्र येईनात. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही अशी बायकांची समजूत होती. या समजुतीस अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांनीच सूतिकाज्वर पसरतो हे सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्ना येथे दाखवून दिले, तेव्हा तेथील डॉक्टरांसही ते पटले नव्हते. सुरतेच्या बायकांचे भय अगदीच निराधार होते असे कोण म्हणेल? रखमाबाईंनी त्यांस उपदेश केला नाही. एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिची प्रसूती तेथे सुखरूप करविली, अशी हकीकत सांगतात. शेळी व करडू दोन्ही जिवंत पाहिल्यावर बायकांचा धीर वाढला. मग त्या येऊ लागल्या.

१९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष धारण केला. सुधारकांस हे कोडे वाटते. आम्ही ते सोडविण्याच्या भरीस पडत नाही. सुरतेनंतर त्यांनी राजकोटच्या जनाना रुग्णालयात १९३० च्या सुमारापर्यंत काम केले, पडद्याविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेविला.

आमच्या वसईतही डी. एम. पेटिट यांच्या नावाचे रुग्णालय आहे, तेव्हा दात्यांच्या नावांची आम्हांस वाण नाही. तथापि अर्नाळ्याच्या किल्ल्यावरील कोळीणीस कळा सुरू झाल्या म्हणजे आधी होडी शोधावी लागते, भरती-ओहोटी पाहावी लागते; आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील बाईस तर डोलीतून डांबरी रस्ता गाठण्याचे प्रसंग येतात. आमच्या पेढीवाल्यांपैकी ज्यांस या दिवाळीच्या वहीपूजनास दानाची रक्कम मांडावयाची असेल, त्यांनी संगमरवरी फलकाचा भाव विचारण्यापूर्वी एका पाड्यावरील मुलीस परिचारिकेचे शिक्षण देण्यास किती रुपये लागतात, एवढी चौकशी अवश्य करावी.